साताऱ्याहून जानेवारीत काश्मीर, स्वतःच्या गाडीने: बर्फासाठी टायर बदलावेत का?

गोडोलीकर
९ नोव्हेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

मेव्हणा फौजेत आहे, सध्या श्रीनगरला. जानेवारीत त्याच्याकडे जायचं घाटतंय. आबांचं वय ७१, विमानाचं नाव काढलं की पान थुंकायला उठून जातात. शिवाय वाटेत अमृतसर बघायचंच, असं त्यांनी परस्पर जाहीर करून टाकलंय. त्यामुळे स्वतःची गाडी. पेट्रोल हॅचबॅक आहे, पुढची चाकं ओढणारी. टायर १८५/६५ आर १५, गाडी घेतली तेव्हाचेच, ३१ हजार किलोमीटर झालेत.

गाडी चालवायला मी घाबरत नाही. यवतेश्वर, पसरणी, खंबाटकी रोजचे. भर पावसात केळघरमधून रात्री आलोय. पण बर्फ फ्रीजच्या बाहेर कधी पाहिलेला नाही.

पुण्यात एका मोठ्या टायरच्या दुकानात विचारलं. तिथला पोरगा म्हणाला, "सर, ज्यावर एम प्लस एस लिहिलंय तो बर्फाचा टायर, चार टाकून घ्या, टेन्शन संपलं." भाव ऐकून माझं मात्र तिथूनच सुरू झालं. खरंच लागतात का? की टायरवर चढवायच्या साखळ्या पुरे? कुणी गेलंय का?

भडंग
९ नोव्हेंबर, रात्री ११:०५

एवढ्या लांब कशाला? डिसेंबरात वेण्णा लेकवर दवबिंदू गोठले की आमच्याकडचे पेपर 'महाबळेश्वर झाले मिनी काश्मीर' छापतातच. आबांना तिकडं न्या, येताना स्ट्रॉबेरी आणा, मेव्हण्याला व्हिडिओ कॉल करा.

टायरवाला_कराड
१० नोव्हेंबर, सकाळी ७:५०

गोडोलीकर, दुकान उघडायच्या आधी लिहितो, नंतर सवड मिळत नाही.

आपल्याकडे दुकानात जो टायर मिळतो तो उन्हाळी टायर. आपण त्याला तसं म्हणत नाही, कारण दुसरा कुठला बघितलेलाच नसतो. खरा हिवाळी टायर इकडे स्टॉकला नसतो. ऑर्डर देऊन मागवावा लागतो आणि तुमच्या साइजमध्ये मिळेलच याची खात्री नाही.

एम प्लस एस म्हणजे मड आणि स्नो. नक्षी जरा मोठी, खाचा रुंद, एवढ्यावर कंपनी ते छापू शकते. त्यासाठी टायर बर्फावर नेऊन तपासलेला असावाच असं नाही. आपल्याकडे जीपगाड्यांना जे जाडजूड टायर येतात, त्यांतल्या बऱ्याच टायरांवर ते लिहिलेलं असतं. खरी खूण निराळी. तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात हिमकणाची फुली. ते चित्र टायरच्या कडेला असेल तरच तो बर्फावर परीक्षा देऊन आलेला.

आता स्वतःच्याच पोटावर पाय देऊन सांगतो. नका घेऊ. साताऱ्यातून जम्मूपर्यंतच दोन हजार किलोमीटरच्या आसपास पळणार, तेवढंच परत येणार, आणि यातला बर्फाचा रस्ता किती? पन्नास-साठ किलोमीटर झाला तर खूप. हिवाळी टायरचं रबर मऊ असतं. तापलेल्या डांबरावर तो खोडरबरासारखा झिजतो, वर गरम रस्त्यावर ब्रेक लागायलाही जास्त अंतर घेतो. परत येईपर्यंत निम्मी नक्षी महामार्गावर सोडून याल.

तुमचे ३१ हजारवाले आधी बघा. खाचेत आडवी छोटी उंचवट्याची पट्टी असते, टीडब्ल्यूआय. ती १.६ मिलिमीटरवर असते. नक्षी झिजून पट्टीला टेकली की टायर गोटा झाला समजायचं, कायद्यानेही बाद. पण बर्फाकडे जायचं तर पट्टीची वाट बघू नका, चार मिलिमीटरच्या खाली असेल तर बदला. साधेच टाका, पण नवे. आणि कडेला चार आकडे असतात ते वाचा. ३२२४ असेल तर २०२४ सालचा ३२वा आठवडा. दुकानदार "एकदम नवा माल" म्हणत जुना गळ्यात मारतात. मी दुकानदार आहे म्हणून सांगतोय.

घर्षण
१० नोव्हेंबर, दुपारी १:२०

कराडकरांनी मुद्द्याचं सांगितलं. त्यामागचं कारण थोडं लिहितो (सांगलीत अभियांत्रिकीच्या पोरांना शिकवतो, त्यामुळे खोड).

बर्फावर पकड नक्षीमुळे येते असं सगळ्यांना वाटतं. नक्षी नंतर, आधी रबर. थंडीत खोबरेल तेलाची बाटली जशी पांढरी दगड होते, तसं साध्या टायरचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं. टायर दिसतो तोच, पण रस्त्याच्या बारीक खडबडीत शिरणं थांबतं. हिवाळी टायरच्या मिश्रणात नैसर्गिक रबर आणि सिलिका जास्त, म्हणून तो उणे तापमानातही लवचीक राहतो. म्हणजे थंडी कडाक्याची असेल तर बर्फाचा कण नसलेल्या कोरड्या रस्त्यावरसुद्धा त्याचा उपयोग आहे.

दुसरं म्हणजे त्या नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने मारल्यासारखे बारीक नागमोडी चिरे असतात. चाक फिरताना ते उघडतात, मिटतात. त्यात बर्फ अडकून बसतो आणि गंमत म्हणजे तो अडकलेला बर्फच रस्त्यावरच्या बर्फाला धरतो. मुठीत दाबलेला भुसभुशीत बर्फ जसा एकमेकांना चिकटून गोळा होतो, तसं. पावसात आपल्याला खाचेतून पाणी बाहेर फेकायचं असतं, इथे उलट, बर्फ खाचेत राहायला हवा.

अवांतर: हे प्रकरण फिनलंडमधलं. १९३४ साली तिथे ट्रकसाठी पहिला हिवाळी टायर निघाला, १९३६ मध्ये मोटारींसाठी. आणि पुण्यातल्या त्या पोराला सांगा, जर्मनीत नुसतं एम प्लस एस लिहिलेला टायर ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी टायर म्हणून धरतच नाहीत.

थार_सातारा
१० नोव्हेंबर, दुपारी ३:४५

एवढा अभ्यास कशाला राव. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकं ओढणारी गाडी असली की टायर कसलेही चालतात. आम्ही ठोसेघरच्या पुढं चिखलात घातली होती, मागच्या तीन गाड्या रुतल्या, आपली वर. भाड्याने फोर बाय फोर घ्या आणि निघा. साखळ्याबिखळ्या जुन्या काळच्या गोष्टी.

हळदगल्ली
१० नोव्हेंबर, सायंकाळी ६:३०

मधेच घुसते, माफ करा. मुलगा सप्टेंबरात कॅनडाला गेला, माँट्रियलला. आता सेकंडहँड गाडी घेतलीय. विकणारा म्हणाला म्हणे, "ऑल सीझन टायर आहेत, बारा महिने चालतात." मुलगा म्हणतो मग पैसे कशाला घालवायचे. इथे वाचून माझ्या पोटात गोळा आला. 'ऑल सीझन' म्हणजे सगळे ऋतू ना? तिकडे काय करतात लोक?

भडंग
१० नोव्हेंबर, सायंकाळी ६:४१

काकू, विकणाऱ्याचे सगळे ऋतू म्हणजे उन्हाळा, उन्हाळा आणि विक्री.

माँट्रियलचा_मिरजकर
११ नोव्हेंबर, पहाटे ४:१५

ताई, मुलगा माझ्या गावात आहे म्हणजे आता माझ्यावरच आलं. सविस्तर लिहितो, त्याला वाचायला लावा.

पहिली गोष्ट कायद्याची, म्हणजे वाद संपेल. क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत, आणि वर कराडकरांनी सांगितलेलं डोंगराचं चित्र त्यांवर लागतं. साधे ऑल सीझन त्या काळात चालत नाहीत, दंड होतो. त्यामुळे 'घालू की नको' हा प्रश्न त्याच्यापुढे नाहीच. त्याने १ डिसेंबरची वाट बघू नये, पहिला बर्फ पडला की इथल्या गॅरेजांत साखर कारखान्याच्या काट्यावर ट्रॅक्टरची लागते तशी रांग लागते. आत्ताच नंबर लावायचा.

नाव मोठं फसवं आहे. 'ऑल सीझन' म्हणजे पाऊस आणि सौम्य थंडीपर्यंत. 'ऑल वेदर' नावाचा दुसरा प्रकार आहे, त्यावर डोंगराचं चित्र असतं, तो कायद्याला चालतो आणि वर्षभर ठेवता येतो. पण इथल्या जानेवारीत मी तो घेणार नाही. कारण ते चित्र म्हणजे दाबलेल्या बर्फावर टायर किती ओढतो त्याची पावती. काचेसारख्या गोठलेल्या रस्त्यावर तो किती लवकर थांबतो, हे त्या चाचणीत तपासलेलं नसतं. अस्सल हिवाळी आणि ऑल वेदर, दोघांच्या कडेला चित्र तेच, पण बर्फाळ चौकात ब्रेक मारल्यावर फरक कळतो.

मी स्वतः कसा शिकलो ते सांगतो. पहिल्या वर्षी पैसे वाचवायला मी दोनच हिवाळी टायर घेतले, पुढच्या चाकांना. गाडी पुढची चाकं ओढणारी, तर पुढेच पकड हवी ना? मिरजेचा हिशेब. एका सकाळी घराजवळच्या उतारावर वळण घेतलं, ताशी वीस-पंचवीस असेन. पुढची चाकं इमानाने वळली, मागची मात्र सरळच निघाली. गाडी गोल फिरून कुंपणाच्या बाजूला तोंड करून उभी. समोरून कुणी आलं नाही, एवढंच नशीब. एक बाई कुत्रं घेऊन चालली होती, तिने थांबून माझ्या मागच्या टायरकडे बघितलं आणि मान हलवून निघून गेली. त्या दिवशी संध्याकाळी बाकीचे दोन घेतले. तेव्हा घ्यायचे तर चारच.

थोडं खर्चाचं. त्याला सांगा, टायर वेगळ्या साध्या लोखंडी रिमवर चढवूनच घे. एकदाच खर्च, मग दर ऑक्टोबर-एप्रिलला नुसती चाकं बदलायची, टायर रिमवरून काढ-घाल नाही. गाडीला चालत असेल तर रिम एक इंच लहान आणि टायर किंचित अरुंद घेतात. अरुंद टायर भुसभुशीत बर्फ कापून खाली जातो, रुंद टायर वर तरंगायला बघतो. गोव्याला फिरवायचे रुंद टायर इथे शोभेचे. साइज मात्र गाडीच्या पुस्तकातच बघायची, मनाने नाही. खिळ्यांचे टायरसुद्धा क्वेबेकमध्ये हिवाळ्यात चालतात, पण शहरात राहणाऱ्याला त्यांची गरज नाही, आणि आवाजाने डोकं उठतं.

सेकंडहँड हिवाळी टायर मिळतात, स्वस्तही असतात, पण चार-पाच मिलिमीटरच्या खाली नक्षी गेली की बर्फावरची त्याची ताकद संपलेली असते, कायद्याने चालत असला तरी. आणि जुनं रबर कडक झालेलं असतं, म्हणजे घर्षण सरांनी सांगितलेलं सगळंच मुसळ केरात.

मला व्यनि (खासगी निरोप) करा, पुढच्या शनिवारी त्याला घेऊन जातो. पोहेही खायला घालतो.

हळदगल्ली
११ नोव्हेंबर, सकाळी ८:०२

दादा, काय बोलू. व्यनि केलाय. भडंग, तुम्हालाही हसू आलं खरं.

अपशिंगेकर_सुभेदार
११ नोव्हेंबर, रात्री ९:१०

रामराम. मी सांगतोय, नातू टाइप करतोय. चुकलंमाकलं त्याच्या नावावर.

मी फौजेत ड्रायव्हर व्हतो, दोन टर्म लडाख. थारवाल्या भावाला आधी सांगतो. आमच्या गाड्यांची चारी चाकं ओढायची. तरी झोजीला घाटात बर्फ पडला की साखळी घातल्याबगर कॉन्वॉय हलायचा न्हाई. का? चारी चाकं ओढत्यात म्हंजी गाडी निघती लवकर, चढती लवकर. थांबायला काय लागतं? ब्रेक. आन ब्रेक तर अल्टोलाबी चारी चाकांना हाय. फोर बाय फोरवाला जोरात जातो म्हणूनच जोरात पडतो. मी वर काढलेल्या गाड्यांत त्येच जास्ती.

बर्फ म्हंजी एकच बर्फ न्हवं. ताजा पडलेला भुसभुशीत, त्यात गाडी जाती. त्यावरनं दहा गाड्या गेल्या की दाबून सिमेंटसारखा हुतो, तिथं सांभाळायचं. रात्री वितळलेलं पाणी पहाटं गोठतं ते लई वाईट, दिसतच न्हाई, रस्ता नुसता ओला वाटतो. आन उणे वीसला बर्फ खरबरीत असतो, टायर धरतो. शून्याच्या जवळ, दुपारी ऊन पडल्यावर, वर पाण्याचा पापुद्रा येतो, तवा गाड्या घसरत्यात. लोकांना वाटतं लई थंडी म्हंजी लई धोका. उलटं हाय.

डोंगराच्या सावलीतलं वळण आन पूल, ही दोन ठिकाणं ध्यानात ठेवा. पुलाला वरनं वारं, खालनंबी वारं, आधी तो गोठतो.

चालवायचं कसं? बाई डोक्यावर भरलेली घागर घेऊन पाणंदीनं चालती तसं. पाणी हिंदकळलं की समजायचं आपलं चुकलं. ब्रेक, स्टेअरिंग, रेस, तिन्ही एका टायमाला करायचं न्हाई. उतरताना दुसरा गियर, जरूर पडली तर पहिला, आन पाय ब्रेकवरनं लांब. घसरली तर रेस सोडा आन जिकडं जायचं तिकडं बघत स्टेअरिंग हळू फिरवा. डोंगराला ठोकली तरी चालंल, दरीकडं न्हाई.

रात्री गाडी लावली की हँडब्रेक ओढू नका, गोठून धरतो. गियरमधी ठेवा, चाकाखाली दगड. वायपर उभं करून ठेवा. आन रेडिएटरात काय हाय ते आजच बघा. आपल्याकडं पंपावर बाटलीनं साधं पाणी वततात, ते तिकडं गोठलं की इंजिनाला तडा. कूलंट आन पाणी निम्मं निम्मं पाहिजे.

हवा साताऱ्यातनं जास्ती भरून नेऊ नका. तिथं पोचल्यावर सकाळी थंड टायरची बघा, कमी झालेली असती.

घर्षण
११ नोव्हेंबर, रात्री ९:४८

सुभेदार साहेब, दंडवत. माझे दोन तास तुम्ही एका घागरीत भरलेत.

हवेचा हिशेब देतो: साधारण ५-६ अंश तापमान उतरलं की एक पीएसआय कमी. साताऱ्यात दुपारी २८ अंशांना ३३ भरली आणि श्रीनगरला पहाटे उणे ४ असेल, तर पाच-सहा पीएसआय गायब, टायर कुठेही पंक्चर नसताना.

आणि थांबण्याच्या अंतराबद्दल म्हणाल तर ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये लिहिलंय की बर्फाळ रस्त्यावर ते कोरड्या रस्त्याच्या दहापट होऊ शकतं. चाकं किती ओढतात याचा त्यात उल्लेख नाही.

डिझेलवाल्यांसाठीही एक ओळ: मैदानी भागात भरलेलं डिझेल कडक थंडीत मेणासारखं घट्ट होऊन फिल्टरमध्ये अडकतं. त्यासाठीच नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखला उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास डिझेल आलं. टाकी वर गेल्यावर तिथल्या पंपावर भरायची.

थार_सातारा
११ नोव्हेंबर, रात्री १०:१५

सुभेदार काका, तुमच्यापुढं काय बोलणार. पण चिखलात वर आली होती हे खरं आहे.

खानापूरकर
१२ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

आमच्या विटा-खानापूर-आटपाडीची गलाईवाली माणसं भारतात कुठं नाहीत? सोनं गाळायचं दुकान जिथं, तिथं आमचा एक तरी पावणा. चुलतभाऊ जम्मूला आहे, वीस वर्षं झाली. त्याला काल फोन केला.

त्याचं म्हणणं, जम्मू-श्रीनगर रस्ता आता पूर्वीसारखा नाही, चेनानी-नाशरी आणि बनिहाल-काझीगुंड असे दोन मोठे बोगदे झालेत. पण जानेवारीत रामबनकडे दरड आली किंवा काझीगुंडला बर्फ पडला की रस्ता बंद, आणि गाड्या दोन-दोन दिवस अडकून. म्हातारं माणूस बरोबर असताना तो धोका घेऊ नका. त्यापेक्षा गाडी त्याच्या दारात लावा, कटऱ्याहून श्रीनगरची रेल्वे धरा. जून २०२५ पासून सुरू झालीय, तीनेक तासांत पोचवते. चिनाबच्या पुलावरून जाते, नदीपासून ३५९ मीटर वर. आबा विमानाला नाही म्हणतात, रेल्वेला म्हणणार नाहीत.

गुलमर्गला जायचं तर टंगमर्गच्या पुढे बर्फात साखळीशिवाय गाडी सोडतच नाहीत. तिथे स्थानिक सुमो मिळतात.

भाऊ आणखी एक गोष्ट म्हणाला. तुम्ही सगळे बर्फाबर्फाचं बोलताय, पण जानेवारीत पंजाबातलं धुकं बघितलंय का?

गोडोलीकर
३० नोव्हेंबर, रात्री ९:२०

सगळ्यांचे आभार. टायर तपासले, नक्षी साडेतीन मिलिमीटर भरली. कराडकरांचं ऐकून चार नवे साधे टाकले, कडेचे आकडे चष्मा लावून वाचले. रेडिएटर उघडला तर आत जवळपास नुसतं पाणीच. आमच्या नेहमीच्या मेकॅनिकने इतकी वर्षं काय केलं देव जाणे. सगळं काढून निम्मं-निम्मं भरलं.

आणि खानापूरकर, तुमचं पटत होतं तरी मी साखळ्या मागवल्याच. म्हटलं असू द्यावं बरोबर. रविवारी अंगणात सराव केला. त्याचीच हकिकत.

पिशवीतून काढल्यावर तो साखळ्यांचा नुसता गुंता. फरशीवर पसरून उलटसुलट ओळखण्यातच चहा गार झाला. पोलादी कडं टायरच्या मागून घालायचं, वर दोन्ही टोकं जोडायची, साखळी टायरवर पसरायची, पुढून आकडे अडकवायचे आणि शेवटी ताणायचं. कागदावर पाच चित्रं, पाच मिनिटं. मला पहिल्या चाकाला ४० मिनिटं लागली. मागचं कडं हाताला लागायचं ते आकड्यात बसायचं नाही, बसलं तर पुढची बाजू आखूड पडायची. शेवटी कळलं, साखळी उलटी होती, कड्यांची टोकं टायरच्या बाजूला. तशीच गेलो असतो तर नवा टायर सोलला असता. मग गाडी अर्धं चाक पुढे घेऊन परत ताणलं, ते चित्रात शेवटी बारीक अक्षरात होतं. गाडीच्या पुस्तकातही सापडलं: फक्त पुढच्या चाकांना, ताशी ५० च्या आत, आणि कोरडा रस्ता आला की लगेच काढायच्या.

शेजारचे अण्णा कंपाउंडवर कोपर टेकून अथपासून इतिपर्यंत बघत होते. शेवटी म्हणाले, "काय वो, पळून जाती काय गाडी, साखळदंड घातलं ते?"

टायरवाला_कराड
३० नोव्हेंबर, रात्री ९:५५

हे घरी केलंत ते बरं केलंत. उणे पाचला हातमोजे काढून पहिल्यांदा करणारी माणसं रडतात.

हळदगल्ली
७ डिसेंबर, दुपारी १२:१०

मिरजकर दादांनी मुलाला नेऊन चारही टायर घालून दिले, लोखंडी रिमसकट. त्याने फोटो पाठवलाय. टायरवरचं डोंगराचं चित्र मोठं करून गोल केलंय आणि खाली लिहिलंय, "आई, आता झोप."

गोडोलीकर
८ फेब्रुवारी, रात्री १०:३०

परत आलो, सगळे सुखरूप. वृत्तांत द्यायला उशीर झाला, कामं तुंबली होती.

खानापूरकरांच्या भावाने सांगितलं ते शंभर टक्के खरं निघालं. अख्ख्या प्रवासात सगळ्यात घाबरलो ते लुधियानाच्या अलीकडे. सकाळचे साडेसात, समोर पांढरी भिंत, स्वतःच्या गाडीचं बॉनेट कसंबसं दिसतंय. मागून ट्रकचा हॉर्न येतोय पण ट्रक कुठे ते कळत नाही. एका ढाब्यात गाडी घातली ती अकराला बाहेर काढली. आबांनी तोवर तीन आलू पराठे आणि ढाबेवाल्याच्या शेतीची सगळी माहिती काढून घेतली.

जम्मूत गाडी लावली. दुकानावर मराठी पाटी नाही, पण आत भट्टीजवळ बसलेला माणूस "या पावणं" म्हणाला तेव्हा आबांच्या डोळ्यात पाणी आलं, आणि ते मला दिसलं हे त्यांना आवडलं नाही.

रेल्वेने श्रीनगर. चिनाबच्या पुलावर आबा खिडकीला चिकटून होते. पूल गेल्यावर विचारलं, "एवढा उंच होता व्हय? आधी सांगायचं न्हाईस."

आता बर्फाचं. टंगमर्गला सुमो केली. ड्रायव्हर पोरसवदा, फेरन घातलेला. आम्ही टपरीवर चहा घेतला तेवढ्यात त्याने दोन्ही साखळ्या चढवल्या, आणि एकदाही खाली वाकून मागे बघितलं नाही, नुसत्या बोटांनी. पुढे १३ किलोमीटर चढ, देवदारांची सावली, रस्ता दाबलेल्या बर्फाचा, राखाडी, चकचकीत. एका वळणावर उतरत येणारी एक भाड्याची मोठी गाडी, साखळ्या नसलेली, आडवी होत आमच्याकडे सरकायला लागली. अगदी हळू. माणूस चालतो त्याहून हळू. तिची पुढची चाकं पूर्ण वळलेली, ब्रेकचे दिवे लागलेले, आणि गाडी तरीही येतेच आहे. आमच्या पोराने ब्रेक मारला नाही, हॉर्न वाजवला नाही. रेसवरचा पाय काढला, सुमो डोंगराच्या बाजूला कडेच्या भुसभुशीत बर्फात नेऊन टेकवली आणि थांबला. ती गाडी हातभर अंतरावरून सरकत गेली आणि पुढच्या ढिगाऱ्याला लागून थांबली. गाडीच्या मागे चाकांचा आकडा आणि इंग्रजी अक्षरं चमकत होती: फोर बाय फोर.

तिथे मी असतो तर ब्रेक दाबला असता. पायाने आपोआप दाबलाच होता, सुमोच्या फरशीवर.

आबांनी वर जाऊन बर्फ हातात घेतला, दाबून बघितला आणि म्हणाले, "मिठागत हाय." मग खिशात टाकला.

माझ्या साखळ्या पिशवीतून बाहेर निघाल्याच नाहीत. चार हजार किलोमीटर डिकीत खळखळत होत्या.

अपशिंगेकर_सुभेदार
८ फेब्रुवारी, रात्री ११:००

त्या पोरानं बरोबर केलं. डोंगराकडंच टेकवायची.

थार_सातारा
९ फेब्रुवारी, सकाळी ८:१५

गोडोलीकर, साखळ्या विकायच्या असतील तर सांगा.

गोडोलीकर
९ फेब्रुवारी, सकाळी ८:४०

१८५/६५ आर १५ च्या आहेत, तुमच्या चाकाला बसायच्या नाहीत.

थार_सातारा
९ फेब्रुवारी, सकाळी ८:४२

मग मोठ्या कुठून मागवायच्या तेवढं व्यनित टाका. मार्चमध्ये मनालीचा बेत आहे.